न्यू जर्सीतील मराठी मतदारांना खुले पत्र: जेम्सबर्ग बंद होण्याची वाट कोणी पाहायची?

प्रति,
न्यू जर्सीत राहणारे आणि इथे मतदानाचा हक्क असलेले सर्व मराठी भाषक

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०१८ मध्ये न्यू जर्सी सरकारने जाहीर केलं की जेम्सबर्गचं मुलांचं सुधारगृह आणि बॉर्डनटाऊनचं मुलींचं केंद्र बंद करण्यात येईल. जेम्सबर्गची संस्था १८६७ सालची. ती आहे मिडलसेक्स काउंटीतल्या मन्रो टाउनशिपमध्ये, एडिसनपासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. घोषणेनंतर टास्क फोर्स नेमला गेला, छोट्या पर्यायी केंद्रांसाठी जागा सुचवल्या गेल्या, तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, आणि सहा वर्षं उलटल्यावरही मुलं जेम्सबर्गमध्येच होती. अशा ठिकाणी एका मुलाला वर्षभर ठेवायला राज्याचे तीन लाख डॉलरहून अधिक खर्च होतात.

ही मुलं कोणाची? २०१५ च्या आकडेवारीनुसार न्यू जर्सीत कृष्णवर्णीय मूल बंदिस्त केंद्रात असण्याचं प्रमाण गोऱ्या मुलाच्या तीस पट होतं. तीस टक्के जास्त नव्हे, तीस पट. संपूर्ण देशात हेच प्रमाण २०२१ साली ४.७ पट होतं. आपण ज्या राज्याला सुशिक्षित, उदारमतवादी, शाळांच्या बाबतीत देशात अग्रेसर म्हणतो, ज्या राज्यात घर घेताना पहिल्यांदा स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतो, त्या राज्याचा हा आकडा आहे.

हे पत्र लिहिणारे आम्ही काही जण याच राज्यात मुलांच्या खटल्यांशी संबंधित कामं करतो. कोणी बचावाचे वकील, कोणी प्रोबेशनमध्ये (म्हणजे मुलांना घरी राहू देऊन त्यांच्यावर कोर्टाच्या वतीने देखरेख), कोणी शाळेत समुपदेशक. इथेच प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आमची मुलं इथल्याच शाळांत आहेत. गव्हर्नरांना आणि विधिमंडळाला इंग्रजीत पत्रं बरीच गेली. तुम्हाला लिहितो आहोत, कारण ज्या खुर्च्यांवर बसून हे निर्णय होतात त्यांतल्या कित्येक खुर्च्या तुमच्या मतावर, तुमच्या सहीवर किंवा तुमच्या गप्प राहण्यावर टिकून आहेत.

आधी एका आक्षेपाचं उत्तर देतो, कारण तो मंडळाच्या पॉटलकला, पार्किंगमध्ये, व्हॉट्सअॅपवर हमखास ऐकू येतो: "तीच मुलं जास्त गुन्हे करतात, मग आत तीच असणार."

गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या अटकांत फरक आहे, हे आम्ही नाकारत नाही. गरिबी, पिढ्यानपिढ्या वेगळ्या पाडलेल्या वस्त्या आणि हातात सहज पडणारी पिस्तुलं यांचा त्याच्याशी थेट संबंध आहे. पण बंदिस्त मुलांतली सगळी मुलं हिंसक गुन्ह्यांसाठी आत नसतात. अंमली पदार्थांचंच घ्या. शाळकरी मुलांना नाव न विचारता भरायला लावलेल्या प्रश्नावल्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचं सेवनाचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास सारखं दिसत आलं आहे. अटकांचं प्रमाण मात्र सारखं नव्हतं. आणि आरोप सारखाच असतानाही पुढच्या प्रत्येक पायरीवर तफावत वाढत जाते. पोलिसाने सोडलं की धरलं, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं की आत गेलं, मुलगा घरी झोपला की कोठडीत, शिक्षा म्हणून प्रोबेशन मिळालं की बंदिस्त केंद्र, आणि शेवटी खटला बालन्यायालयात की प्रौढांच्या. केंद्र सरकारचं बालन्यायाचं खातं राज्यांकडून याच पाच टप्प्यांची वंशनिहाय माहिती मागतं. प्रत्येक टप्प्यावर फरक जेमतेम दुपटीचा असला तरी पाच वेळा गुणाकार झाला की शेवटी तीस पट निघू शकतं.

हा गुणाकार कसा होतो ते नीट पाहा. दोन पंधरा वर्षांची मुलं, दोन वेगळ्या गावांतल्या शाळा, मधल्या सुट्टीत मारामारी, समोरच्याच्या नाकातून रक्त. एवढं दोन्हीकडे सारखं.

पहिल्या शाळेत व्हाइस प्रिन्सिपल दोन्ही घरी फोन करतात. पालक तासाभरात येतात, कारण त्यांना ऑफिसमधून निघता येतं. थेरपिस्टची अपॉइंटमेंट ठरते. पोलिसांना कळवलंच तर अधिकारी समज देऊन सोडतो आणि त्याची कुठे नोंद राहत नाही, किंवा फार तर पोलीस ठाण्यातच पालकांसमक्ष लेखी समझोता होतो, ज्याला इथे स्टेशनहाउस अॅडजस्टमेंट म्हणतात. कोर्टात तक्रारच जात नाही.

दुसऱ्या शाळेत दारातच पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तो मारामारी सोडवतो, मुलगा हात झटकतो, तेवढ्यावर मूळ आरोपात आणखी एक आरोप वाढतो. ठाण्यात पालकांना बोलावलं जातं. आई टर्नपाइकच्या एक्झिट ८-ए जवळच्या गोदामात दुपारच्या पाळीला, फोन लॉकरमध्ये. समझोत्याला पालक हजर लागतात आणि त्यांची संमती लागते. आई पोचेपर्यंत तक्रार दाखल झालेली असते. आता हे प्रकरण सुपिरिअर कोर्टाच्या फॅमिली विभागात आहे. पुढच्या वेळी हाच मुलगा कुठल्याही कारणाने ठाण्यात आला, तर "आधीची नोंद आहे" म्हणून समझोत्याचा मार्ग त्याला आणखी अवघड.

यात एकही पोलीस, एकही मुख्याध्यापक मनात द्वेष ठेवून वागलेला नाही. म्हणूनच हा प्रश्न चांगल्या स्वभावाच्या माणसांवर सोडून चालत नाही. त्याला लेखी नियम आणि मोजणी लागते.

आता तक्रारी. काही सरकारबद्दल आहेत, काही तुमच्याबद्दल. दोन्ही सारख्याच स्पष्टपणे मांडतो.

शाळांपासून सुरुवात. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीत देशातल्या विद्यार्थ्यांपैकी १५ टक्के कृष्णवर्णीय होते. पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा शाळेत अटक झालेल्या विद्यार्थ्यांत ते ३१ टक्के होते. त्याच्या दोन वर्षं आधीची बालवाडीची आकडेवारी तर डोक्यात राहते: बालवाडीत १९ टक्के, आणि तिथून निलंबित झालेल्या बाळांत ४७ टक्के. चार वर्षांच्या मुलाने असं काय केलं असेल? न्यू जर्सीने २०१६ मध्ये दुसरीपर्यंतच्या मुलांना काढून टाकण्यावर बंदी आणि निलंबित करण्यावर मर्यादा आणली, हे चांगलं झालं. पण तिसरीपासून पुढे काय होतं ते त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टवर आहे. या राज्यात प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट आणि स्थानिक पोलीस यांच्यात एक सामंजस्य करार असतो आणि त्यावर दरवर्षी सह्या होतात. बंदूक, अंमली पदार्थ, लैंगिक गुन्हे अशा बाबी पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक असतं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी शाळेच्या विवेकावर असतात. तफावत जन्माला येते ती या "बाकीच्या" गोष्टींत: उलट बोलणं, फोन न देणं, धक्काबुक्की. करार बोर्डाच्या बैठकीत इतर विषयांसोबत एका दमात मंजूर होतो. प्रेक्षकांतून कोणी प्रश्न विचारत नाही. गणिताच्या ऑनर्सचे वर्ग कमी करायचा विषय आला की आपली माणसं सभागृह भरून टाकतात, हे आम्ही पाहतो; म्हणून या दिवशीच्या रिकाम्या खुर्च्या जास्त खुपतात.

दुसरी तक्रार चौकशीच्या खोलीबद्दल आहे. अल्पवयीन मुलाला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गॉल्ट खटल्यात सांगितलं. अॅरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम झाला होता; प्रौढाला त्याच गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन महिने झाले असते. हक्क मिळाला, पण मूल तो सोडून देऊ शकतं, आणि घाबरलेलं मूल जवळजवळ नेहमी सोडून देतं. न्यू जर्सीच्या कायद्यात पालकांना चौकशीच्या वेळी महत्त्वाचं स्थान आहे. पण पालक वकील नसतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२० मध्ये जर्सी सिटीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण आलं: पोलिसांनी आईला कोठडीजवळ आणलं, मुलगा आईशी बोलला, पोलीस ऐकत उभे होते, आणि तेच बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. न्यायालयाने हे चौकशीसारखंच आहे असं ठरवलं आणि मुलाला पालकांशी खासगीत बोलू दिलं पाहिजे असं सांगितलं. निकाल योग्यच. पण खासगीत बोलताना "खरं सांगून टाक, घरी सोडतील" असा सल्ला देणारी आईच असते, आणि पोलिसांवर विश्वास ठेवायला शिकवलेल्या कुठल्याही घरात असंच होईल. कॅलिफोर्नियात २०२१ पासून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलाला कोठडीतल्या चौकशीआधी वकिलाशी बोलावंच लागतं; तो हक्क मूल स्वतः सोडू शकत नाही. इलिनॉयने २०२१ मध्ये अल्पवयीनांना खोटं सांगून कबुली काढण्यावर देशात प्रथम बंदीचा कायदा केला. १९८९ च्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्काराच्या प्रकरणात चौदा ते सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या कबुल्या कशा निघाल्या आणि २००२ मध्ये डीएनएने त्या कशा खोट्या ठरवल्या, हे इथून नदीपलीकडच्या शहरात घडलेलं आहे.

तिसरी, कोठडी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण उपाय सापडलेला आहे आणि तो सगळीकडे पोचलेला नाही. कोठडीत ठेवलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत न्यायाधीशांपुढे आणावं लागतं. तिथे खरे प्रश्न दोनच: हा पळून जाईल का, आणि खटल्यापर्यंत कोणाला इजा करेल का. उत्तरासाठी गुणांकनाचा तक्ता वापरतात: आरोप किती गंभीर, आधीचे खटले, आधीची गैरहजेरी, वगैरे. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीत १९९४ मध्ये अटक झालेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना कोठडी मिळण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा बरंच जास्त होतं. तिथल्या लोकांनी तक्त्यातली एकेक ओळ तपासली. "चांगली कुटुंबरचना" असा एक निकष होता. त्याने एकट्या आईची मुलं आपोआप मागे पडत. त्याजागी "जबाबदारी घ्यायला तयार असा एखादा प्रौढ आहे का" असा प्रश्न आला. मग आजी चालली, मावशी चालली, शेजारचे पाद्री चालले. नोकरी असणं हा निकष काढून शाळा, प्रशिक्षण, कुठलाही उपयोगी दिनक्रम असा व्यापक केला. वस्तीवर आणि टोळीशी कथित संबंधांवर दिले जाणारे गुण गेले. संध्याकाळची केंद्रं आणि तारखेची आठवण करणारे फोन सुरू झाले. २००० पर्यंत तफावत जवळपास मिटली. हेही सांगतो की असं एकदा करून भागत नाही. मोजणी थांबली की फरक परत येतो. न्यू जर्सी २००४ पासून याच धर्तीच्या उपक्रमात आहे आणि इथली कोठडीतली संख्या मोठ्या प्रमाणात घटली आहे. संख्या घटली, तफावत मिटली नाही. देशभरातही हेच: २००० साली कुठल्याही एका दिवशी सुमारे १ लाख ८ हजार ८०० मुलं बंदिस्त होती, २०२१ मध्ये २५ हजारांच्या आसपास. चारातल्या तीन मुलांना बाहेर ठेवता येतं हे सिद्ध झालं. बाहेर ठेवताना रांगेत पुढे कोण उभं होतं ते वरच्या ४.७ पट या आकड्यात दिसतं.

कोठडी म्हणजे "चार दिवस धडा" असं समजणाऱ्यांसाठी: शिकागोतल्या पस्तीस हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तिथे प्रकरण कोणत्या न्यायाधीशांकडे जाईल हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे सारख्याच मुलांची कडक आणि सौम्य न्यायाधीशांकडे गेल्यावर तुलना करता आली. बंदिस्त ठेवल्याने हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता १३ टक्के अंकांनी घटली आणि पुढे प्रौढ तुरुंगात जाण्याची शक्यता २३ टक्के अंकांनी वाढली. सुरक्षिततेसाठी म्हणून आपण जे करतो त्यातून उद्याचे कैदी तयार होतात.

चौथी तक्रार प्रोबेशनच्या अहवालांबद्दल. पश्चिमेकडील एका राज्यातले २३३ अहवाल तपासून १९९८ मध्ये दोन समाजशास्त्रज्ञांनी दाखवलं की सारख्याच गुन्ह्यासाठी गोऱ्या मुलाच्या अहवालात वाईट संगत, घरातली भांडणं अशी बाहेरची कारणं येतात, आणि कृष्णवर्णीय मुलाच्या अहवालात पश्चात्ताप नाही, वृत्ती उद्धट अशी आतली. बाहेरचं कारण असलं की मदत सुचवली जाते, आतलं असलं की बंदोबस्त. मानसोपचाराच्या निदानांतही हाच कल दिसतो: एकाला आघाताचे परिणाम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार), दुसऱ्याला वर्तनदोष. इथे मराठी डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ कमी नाहीत. कोर्टासाठी मूल्यमापन करणाऱ्यांनी आपले जुने अहवाल काढून, नाव झाकून, पुन्हा वाचून पाहावेत.

आणि प्रोबेशनच्या अटी. संचारबंदी, शाळेची हजेरी, लघवीची तपासणी, रोज दोनेक तास चार्ज करावा लागणारा जीपीएस पट्टा. यांतली एक अट मोडली की नवा गुन्हा न करता मूल आत जाऊ शकतं. मे २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, मिशिगनच्या ओकलंड काउंटीत प्रोबेशनवरच्या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला ऑनलाइन शाळेचा अभ्यास केला नाही म्हणून बंदिस्त केलं गेलं. ७८ दिवसांनी अपील न्यायालयाने सोडलं. नोवाय आणि ट्रॉय याच काउंटीत आहेत. तिथेही आपली पुष्कळ माणसं राहतात. त्या वसंतात कोणाच्या मुलांनी ऑनलाइन गृहपाठ वेळेवर केला होता?

पाचवी, प्रौढ न्यायालयात पाठवणं. २०१५ च्या कायद्याने न्यू जर्सीने याचं किमान वय चौदावरून पंधरा केलं आणि सरकारी वकिलाने लेखी कारणं द्यावीत असं ठरवलं. तरी पुढाकार सरकारी वकिलाच्याच हाती आहे. न्यायाधीश फक्त अधिकाराचा गैरवापर झाला का एवढंच पाहतात. या सुधारणेच्या आगेमागे प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या आकड्यांत प्रौढ न्यायालयात गेलेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती. काउंटीच्या प्रॉसिक्युटरची, म्हणजे या मुख्य सरकारी वकिलाची, नेमणूक गव्हर्नर पाच वर्षांसाठी करतात आणि राज्याचं सिनेट तिला मान्यता देतं. म्हणजे तुमच्या सिनेटरला या नेमणुकीवर प्रश्न विचारता येतात.

आता तुमच्याबद्दलची तक्रार, मोठ्या आपुलकीने. "आपली मुलं या भानगडीत नसतात" हे वाक्य निम्मं खरं आहे. आपली मुलंही व्हेपिंग करतात, दुकानातून वस्तू उचलतात, गाडी वेगाने हाणतात. त्यांना समज मिळते, वकील मिळतो, दुसरी संधी मिळते. ती मिळावीच. तक्रार अशी की हीच संधी पंधरा मैलांवरच्या मुलाला मिळत नाही आणि आपण त्याला संस्कारांचा फरक म्हणतो.

ज्या समाजाने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे परिणाम पाहिले, त्याला हे नवं नसावं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर जाण्याची सवय गेली नाही. वस्तीवर जास्त वेळा गेलं की जास्त नोंदी होतात, जास्त नोंदी झाल्या की संशय खरा वाटतो. नोंद आणि संशय एकमेकांना कसे पोसतात हे मराठी वाचकाला आम्ही अमेरिकन आकड्यांतून समजावायची गरज नाही.

छोट्या केंद्रांच्या विरोधाबद्दलही. जेम्सबर्ग बंद करायचं तर ज्या थोड्या मुलांना खरंच बंदिस्त ठेवावं लागेल त्यांच्यासाठी घराजवळ, लहान, उपचार आणि शाळा असलेली ठिकाणं लागतात, जिथे आईला बसने पोचता येईल. अशी जागा आपल्या टाउनशिपमध्ये सुचवली गेली तर "घरांच्या किमती पडतील" या अर्जावर सही करण्याआधी एवढा विचार करा: ती सही दीडशे वर्षांहून जुनी इमारत चालू ठेवण्याच्या बाजूची असते.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

स्कूल बोर्डाच्या बैठकीत सामंजस्य करार मंजुरीला येण्याआधी तो वाचा. बोर्डाकडे दर तिमाहीला चार आकडे वंशनिहाय मागा: शाळेबाहेरची निलंबनं, पोलिसांना केलेले फोन, त्यांतले किती बंधनकारक आणि किती ऐच्छिक, आणि शाळेतल्या अटका. मुलांची ओळख उघड होणार नाही अशा रीतीने हे देता येतं. नवा पोलीस अधिकारी नेमण्याचा ठराव आला तर डिस्ट्रिक्टमध्ये एका समुपदेशकामागे किती मुलं आहेत, हा प्रश्न आधी विचारा.

ज्यूव्हेनाइल कॉन्फरन्स कमिटीत स्वयंसेवक व्हा. हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. फॅमिली कोर्ट स्थानिक रहिवाशांची ही समिती नेमतं. किरकोळ गुन्ह्याचं प्रकरण कोर्टात न चालवता तिच्याकडे येतं. समिती मुलाशी आणि पालकांशी बोलते, भरपाई, समाजसेवा, समुपदेशन असं काही ठरवते, आणि मुलाने ते पूर्ण केलं की तक्रार निकाली निघते. कायद्याची पदवी लागत नाही. ऐकून घेण्याची तयारी लागते. निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या लोकांनी, दोन भाषा येणाऱ्यांनी विशेष करून अर्ज करावेत. काउंटीच्या कोर्टाच्या फॅमिली विभागात चौकशी केली की अर्ज मिळतो. प्रत्येक काउंटीत यूथ सर्व्हिसेस कमिशनही असतं; मुलांच्या कार्यक्रमांचा पैसा कुठे जावा याची योजना तिथे बनते. त्या बैठकांनाही जा.

सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना वेगळी विनंती. जोखीम मोजणारी साधनं बनवण्याचं किंवा विकत घेण्याचं काम हाताखाली आलं, तर "आधीच्या अटका" हा घटक जसाच्या तसा वापरू नका. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. जिथे गस्त जास्त तिथे अटका जास्त. त्याऐवजी न्यायालयाने दोषी ठरवलेली प्रकरणं घ्या, आणि साधन वापरात आल्यावर निकाल वंशनिहाय तपासण्याची अट करारातच घाला.

गणेशोत्सवात आणि दिवाळीत उमेदवार येतात, शाल घेतात, फोटो काढतात. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी मंच देण्याआधी त्यांना तीन प्रश्न लेखी पाठवावेत आणि उत्तरं सभासदांना कळवावीत. जेम्सबर्ग रिकामं करण्याची तारीख कोणती, आणि त्यातून वाचलेला पैसा कुठल्या शहरांतल्या मुलांच्या कार्यक्रमांवर जाईल? अठराखालच्या मुलाने चौकशीआधी वकिलाशी बोलणं सक्तीचं करणाऱ्या आणि खोटं सांगून कबुली घेण्यावर स्पष्ट बंदी घालणाऱ्या विधेयकाला तुम्ही मत द्याल का? मुलाला प्रौढ न्यायालयात पाठवण्याच्या प्रत्येक मागणीची वंशनिहाय नोंद आणि ती मंजूर किंवा नामंजूर होण्याची कारणं काउंटीवार दरवर्षी जाहीर होतील का? राज्याच्या असेंब्लीच्या ८० जागांची निवडणूक दर विषम वर्षी होते आणि मतदान राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षापेक्षा बरंच कमी होतं. अशा निवडणुकीत एखाद्या टाउनशिपमधली काही शे मराठी मतं उमेदवाराला ऐकू येतात.

शेवटची मागणी जुन्या नोंदींची. बालन्यायालयातली नोंद अठरावं लागलं की आपोआप पुसली जाते असा समज आहे. तो चूक आहे. शिक्षेतून पूर्ण मोकळं झाल्यावर साधारणपणे तीन वर्षं थांबून कोर्टात अर्ज करावा लागतो, सगळ्या तक्रारींचे क्रमांक आणि तारखा जोडून, पोलीस, प्रॉसिक्युटर, प्रोबेशन सगळ्यांना प्रती पाठवून. वकील परवडणारं घर हे करून घेतं. दुसऱ्या घरातला मुलगा नोकरीच्या फॉर्मवर अडखळतो. विधिमंडळाने ही प्रक्रिया अर्जाविना, ठरल्या मुदतीला, सरकारी खर्चाने व्हावी असा बदल करावा. तोवर तुमच्यातल्या वकिलांनी महिन्यातून एक शनिवार पर्थ अॅम्बॉय, न्यू ब्रन्सविक किंवा प्लेनफिल्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून हे अर्ज मोफत भरून द्यावेत. ग्रंथालयांकडे खोली मागायला आम्ही मदत करू, आणि अर्जाचा नमुना मराठी सूचनांसह कोणालाही देऊ.

आपले,
न्यू जर्सीत मुलांच्या न्यायाच्या कामात असलेले काही मराठी वकील, प्रोबेशन कर्मचारी आणि शाळा समुपदेशक